दुलीचंदभाऊंचा स्वल्पविराम

लाखाचा स्वल्पविराम जागेवरून हललेला दिसला की दुलीचंदभाऊंची झोप उडते. अख्ख्या अर्जुनी मोरगावात असा माणूस एकच आहे आणि नेमका तोच माझा शेजारी आहे.

भाऊंची धानाची शेती आणि बाजारात खताचं दुकान. वहिनी गेल्या, तेव्हा पुण्याला नोकरी करणाऱ्या सोनूने, त्यांच्या मुलीने, आपला जुना लॅपटॉप त्यांना हिशेबाला दिला. त्यात रुपयांचा रकाना केला की १,२०,००० च्या जागी १२०,००० उमटे. भाऊ खवळत. "एकशेवीस हजार? गुरुजी, आमचा लाख कुठी गेला?" रुपयाचं चिन्ह नसलं तर आणखीच कहर. "असा उघडाबोडका आकडा चारचौघांत दाखवावा कसा?"

दर रविवारी नवा तक्ता, नवा घोळ आणि पुण्याला फोन. सोनू तिकडूनच त्यांच्या पडद्यावर बाण फिरवून रकाना नीट करी. भाऊंचा आवाज असा खणखणीत, की भिंतीपलीकडे मला सगळं पाठ झालं होतं.

शेवटी कंटाळून मीच गेलो. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये देश बदलून भारत केला आणि म्हणालो, "भाऊ, आता जन्मात बिघडणार नाही." भाऊंनी चहासुद्धा विचारला नाही.

पुढचे दोन रविवार पलीकडून आवाजच आला नाही. मग एके सकाळी भाऊ लॅपटॉप काखेत मारून दारात उभे.

"गुरुजी, हे पयल्यासारखं बिघडवून द्या."

"का हो? आता तर सगळं बरोबर येतं."

"बरोबर येते, म्हणूनच." ते बसलेही नाहीत. "पोरगी कामात रायते. बिनाकामाचा फोन कायले करू? आन् केला तं बोलू काय? माय होती तं दोघी बोलत रायत. मले तं हिशेबच बोलता येते."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांचा लाख पुन्हा परदेशी केला. भाऊंनी तिथूनच, स्पीकरवर, फोन लावला.

"सोनू, स्वल्पविराम सरकला वो पुन्हा!"

पलीकडून ती म्हणाली, "राहू द्या तो, बाबूजी. इतके दिवस फोन काऊन नाई केला? बरे आहा ना? जेवले का?"

भाऊंनी माझ्याकडे पाठ केली.

"कोहळ्याची भाजी केली होती वो," ते हळूच म्हणाले. "मीठ जरा जास्त झालं."