वस्तरा मग पुसू

त्या सकाळी जावईबापूंनी एवढंच ठरवलं, की वस्तरा मग पुसू. माणूस असले निर्णय रोज घेतो आणि सहसा काही बिघडत नाही. पण खाली टॅक्सी उभी होती, बायको हातात कुलूप घेऊन दारात उभी होती आणि परगावी एका लग्नाला जायचं होतं. त्यांनी वस्तरा होता तसा दाढीच्या मगात उभा केला आणि निघाले. चार दिवसांनी परत आले, तेव्हा मगातल्या पाण्याचा चहा झाला होता.

वस्तरा साधासुधा असता तर रडायचं कारण नव्हतं. तो सासऱ्यांनी दिलेला होता. सासरे म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. दुकानदारांची खोटी मापं पकडण्यात त्यांची हयात गेली होती, आणि जावयाचं माप तर त्यांनी लग्नाच्या मांडवातच काढलं होतं. तेव्हापासून जावईबापूंच्या वाट्याला "हं" याच्या पलीकडे शब्द आला नव्हता. तरी गेल्या वाढदिवसाला काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी आपल्या जोडीच्या वस्तऱ्यांपैकी एक जावयाच्या हातावर ठेवला. कार्बन स्टीलचा, शिंगाच्या मुठीचा. "पुसून, तेल लावून ठेवायचा. याला ओल चालत नाही," एवढंच म्हणाले. जावईबापूंना गहिवरून आलं. अखेर आपण माणसांत जमा झालो, असं त्यांना वाटलं. (हेडक्लार्क झाले तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.)

आता त्याच वस्तऱ्यावर गंजाचे लाल चट्टे होते. जावईबापूंनी पॉलिश पेपर आणला आणि तासभर घासलं. गंज गेला, पण त्याच्यासोबत धारही गेली, आणि पात्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे राहिले. तेवढ्यात बायकोनं फोन ठेवला आणि सांगितलं की बाबा पुढच्या महिन्यात राहायला येताहेत.

जावईबापू चपला अडकवून कात्री-सुऱ्यांच्या दुकानात गेले. दुकानदारानं वस्तरा उलटसुलट करून पाहिला.

"हा गेला."

"काहीच नाही का करता येणार?"

"याच मुठीत स्टेनलेसचं पातं बसवून देतो. दुरून कुणाला कळणार नाही."

"गंजणार नाही ना?"

"तुम्ही गंजाल, हे नाही गंजणार. पण धारेला त्रास देतं बरं का. कार्बनला चामड्याच्या पट्ट्यावर चार हात मारले की भागतं. याला घासत बसावं लागतं."

"पण गंजणार नाही ना?"

दुकानदारानं पातं काढायला खण उघडला.

स्टेनलेस हा जावईबापूंना आपला जातभाई वाटला. पुसा, नका पुसू, पाण्यात ठेवा, तक्रार नाही. त्यांनी तो बिनधास्त मगात उभा करायला सुरुवात केली. धारेचं मात्र दुकानदारानं सांगितलं तसंच झालं. घासत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. रोज हनुवटीवर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवून ते ऑफिसात जात, आणि शिपाई त्यांच्या गालावरच्या बातम्या वाचत असे.

सासरे आले ते थेट हात धुवायला न्हाणीघरात गेले. नळ मध्येच बंद झाला.

"जावईबापू," आतून आवाज आला, "वस्तरा पाण्यात आहे."

खरं सांगायची वेळ हीच होती. पण खरं बोलायला धीर लागतो, खोटं मात्र आपोआप सुचतं.

"मुद्दामच ठेवतो, बाबा," जावईबापू म्हणाले. "रात्रभर पाण्यात राहिला की पोलाद निवतं. चमक येते."

सासऱ्यांनी वस्तरा उजेडात धरला. चष्मा वर केला, खाली केला. पात्यात त्यांचं नाक स्वच्छ दिसत होतं. मग त्यांनी बॅगेतून आपला वस्तरा काढून शेजारी ठेवला. जन्मभर तेल लावून, मऊ फडक्यात गुंडाळून जपलेला, तरी वयानं काळवंडलेला.

"मूठ तर तीच," ते पुटपुटले. मग म्हणाले, "मी तुम्हाला ओळखलं नाही. इतकी वर्षं तपासण्या केल्या आणि घरातलंच माप चुकलं."

जावईबापूंना आनंदानं रडू यायचंच बाकी राहिलं. हे वाक्य ऐकायला ते लग्नापासून थांबले होते, आणि ते मिळालं कशाबद्दल, तर एका लबाडीबद्दल. तरी त्यांनी ते घेतलं. जेवताना सासऱ्यांनी आग्रह करून वाढायला लावलं, तेही खाल्लं.

झोपायच्या वेळी बायको म्हणाली, "बाबांनी मग मागून घेतला. आपला वस्तरा पाण्यात घालून उशाशी ठेवलाय."

जावईबापू धावले. सासरे पांघरूण सारखं करत होते. मगातून काळवंडलेली मूठ डोकावत होती.

"बाबा, आज नको. प्रवासाचा शीण असेल."

"शीण मला आहे, वस्तऱ्याला नाही."

"पहिल्यांदा मीच करून देतो. तो मग माझ्याकडे द्या ना."

"नाही. आपल्या हातानं केल्याशिवाय विद्या येत नाही. दिवा घालवा."

जावईबापूंनी दिवा घालवला. खोलीत येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"आत्ता जा आणि खरं सांगा."

"सकाळी सांगतो."

"वस्तरा मग पुसू, तसंच ना?" म्हणून ती कूस बदलून झोपली.

सकाळी सासरे पलंगाच्या कडेला बसले होते. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर वस्तरा आणि वस्तऱ्यावर लाल चट्टे. ते एकटक तिकडे पाहत होते.

"हात गेला माझा," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलं तसंच केलं. तेच पाणी, तोच मग. तुमचा उजळतो आणि माझा एका रात्रीत सडला. म्हातारपण म्हणतात ते हेच."

जावईबापूंचं आतडं तुटलं. सासऱ्यांचं "हं" परवडलं असतं, पण हे बघवेना. आजवर मिळवलेली सगळी अब्रू (काल दुपारपासूनची) पणाला लावून ते खाली सतरंजीवर बसले.

"बाबा, तुमच्या हाताचा दोष नाही. माझा वस्तरा स्टेनलेसचा आहे. तुम्ही दिलेला मी गंजवला. दुकानातून नवं पातं बसवून आणलं आणि तुमच्याशी खोटं बोललो."

सासऱ्यांनी मान वर केली. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू द्या. माझं मन राखायला स्वतःच्या अंगावर खोटं घेताय. कळतं मला."

"नाही बाबा, शपथ. दुकानदाराला विचारा."

"दुकानदाराला?" सासरे हसले. "भलेभले दुकानदार मला फसवू शकले नाहीत, तुम्ही काय फसवणार? स्वतःचा वस्तरा मला ओळखता येणार नाही होय?"

जावईबापूंनी बायकोकडे पाहिलं. ती दारात उभी होती. "बाबा, ते खरं सांगताहेत," ती म्हणाली. "नवऱ्याचीच बाजू घेणार तू," सासरे म्हणाले, आणि तो विषय मिटला.

मग त्यांनी आपला वस्तरा फडक्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी टाकला. आता आपण वस्तऱ्याला हात लावायचा नाही, आणि इथून हलायचंही नाही, असं त्यांनी जाहीर केलं. जावयासारखा हात घरात असताना स्वतः दाढी कशाला करायची? रोज त्यांनीच करावी. आजपासूनच.

ते खिडकीपाशी खुर्चीवर बसले, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, हनुवटी वर केली आणि डोळे मिटले. म्हाताऱ्या गळ्याची सैल कातडी उजेडात दिसत होती. जावईबापूंनी फेस केला. स्वतःच्या गालावर वर्तमानपत्राचे दोन तुकडे तसेच चिकटलेले असताना त्यांनी तो बोथट वस्तरा उघडला.

"घ्या करायला," सासरे डोळे मिटूनच म्हणाले. "माझा पूर्ण विश्वास आहे."

तेवढ्यात बायकोनं कापसाची अख्खी गुंडाळी आणून टेबलावर ठेवली.

"एवढा कापूस?" जावईबापू कसेबसे म्हणाले.

"विश्वास बाबांचा आहे," ती म्हणाली. "माझा नाही."