तुलनेपुरत्या सासूबाई

घरात दुखरे गुडघे दोघींचे होते, संशोधकाच्या आईचे आणि त्याच्या सासूबाईंचे. एका संध्याकाळी प्रयोगशाळेतून येताना त्याने दोन ट्यूब आणल्या. बाहेरून अगदी सारख्या. आईच्या ट्यूबमध्ये त्याने स्वतः बनवलेलं मलम होतं, सासूबाईंच्या ट्यूबमध्ये साधं पांढरं क्रीम.

बायकोने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "माझ्या आईला खोटं औषध?"

"खोटं नाही गं, तुलनेसाठी आहे. एकीला मलम, एकीला नुसतं क्रीम. बाकी सगळं सारखं. मग जो फरक पडेल तो मलमाचा."

"म्हणजे मलम तुमच्या आईला आणि तुलना माझ्या आईची! बरं सुचलं."

ते आपोआपच सुचलं होतं. मलमाचा गुण सिद्ध झाला तरच त्याची नोकरी कायम होणार होती. प्रयोगशाळेतली मोठी चाचणी संपेपर्यंत त्याला धीर नव्हता, म्हणून ही घरची चाचणी.

थोड्याच दिवसांत सासूबाई जिना चढू लागल्या. आई मात्र सोफ्यावरून उठताना कण्हत होती. संशोधकाच्या तोंडचं पाणी पळालं. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की बायको रोज स्वतःच्या आईचा पाय मांडीवर घेऊन छान चोळून देते. त्याची आई आपलं मलम आपणच लावत होती, वाकता येईल तेवढं वाकून.

"तरीच! बाकी सगळं सारखं राहिलंच नाही!" त्याचा जीव भांड्यात पडला.

आता सारखं करायला दोन मार्ग होते. त्यानेही आपल्या आईचा पाय चोळायचा, नाहीतर बायकोने चोळणं थांबवायचं. पहिला मार्ग त्याच्या मनातही आला नाही. सांगायला वाईट वाटतं, पण नाही आला.

"उद्यापासून कोणी कोणाला चोळायचं नाही," त्याने फर्मान काढलं.

"रोज समोर बसून विचारतोस, किती दुखतंय, कुठे दुखतंय," आई म्हणाली. "तेवढ्या वेळात चोळून झालं असतं रे."

"आई, प्रयोग बिघडेल."

पुढे दोघींचेही गुडघे सुधारू लागले. हे कसं, ते त्याला कळेना. मग एका दुपारी तो घरी लवकर आला. मोठ्या चाचणीचा निकाल लागला होता. मलमात आणि क्रीममध्ये काडीचाही फरक नव्हता, आणि नोकरी गेली होती.

सोफ्यावर सासूबाईंचा पाय आईच्या मांडीवर होता. शेजारी स्वयंपाकाच्या तेलाची वाटी.

"आणि मलम?" त्याने विचारलं.

"दारांच्या बिजागऱ्यांना लावलं, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "एका दाराला विहीणबाईंचं, एका दाराला माझं. बाकी सगळं सारखं ठेवलं हो. दोन्ही दारं अजून कुरकुरतात."

तो समोरच्या खुर्चीत कोसळला. नोकरीचं सांगून टाकलं. मग लहानपणी म्हणायचा तसं म्हणाला, "आई, डोकं फार दुखतंय गं."

"किती दुखतंय?" आईने विचारलं, आणि विहीणबाईंचा दुसरा पाय मांडीवर घेतला.