ढकललं का ओढलं?

नवरी मांडवातून निघालेली असते, तिच्या आईनं हंबरडा फोडलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी आमचे मेश्राम सर पुढं होऊन नवरीला विचारतात, "बाई, ढकललं का ओढलं?"

खोटं वाटत असेल तर आमच्या ब्रह्मपुरीत कोणालाही विचारा. एका लग्नात तर नवरीच्या मामानं त्यांची कॉलर धरली होती. मी मधे पडलो आणि "अहो, प्रोफेसर आहेत, अर्थशास्त्राचे," असं सांगून त्यांना सोडवलं. मामा म्हणाला, "मंग घरी बसून शिकवा नं जी!"

मी सरांच्याच कॉलेजात इतिहास शिकवायचो, शिवाय आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. त्यामुळं त्यांचं शास्त्र माझ्या कानीकपाळी कायमच. माणूस गाव सोडतो तो दोनच कारणांनी, असं ते शास्त्र सांगतं म्हणे. एक तर मागून काहीतरी ढकलतं, म्हणजे उपासमार, भांडणं; नाहीतर पुढून काहीतरी ओढतं, म्हणजे मजुरी, शाळा, नोकरी. सरांची सगळी उमर ह्याच एका प्रश्नात गेली. मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या बायांना हाच प्रश्न विचारायला एकदा ते जीपमध्ये चढले. बायांची उत्तरं संपेनात, जीप थांबेना, आणि सर उतरले थेट गडचिरोलीला. इकडं पोरं वर्गात वाट पाहून घरी गेली.

मलाही सोडलं नाही. मी मूळचा चिमूरचा. सासऱ्यानं इथं प्लॉट दिला म्हणून आलो. सर म्हणाले, "म्हणजे ओढलं." मी खरं ते सांगितलं, की आईचं आणि बायकोचं एका चुलीवर जमत नव्हतं. "बाप्पा! म्हणजे ढकललं." मग स्वतःशीच डोकं खाजवत बसले. त्यांचा गोंधळ झाला तो झालाच, पण आपण इथं का राहतो हे मलाही तेव्हापासून नीट सांगता येत नाही.

एका शाळेनं त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावण्याची चूक केली. सर माईकवर म्हणाले, "शाळा म्हणजे गावातून पोरं बाहेर काढाची मशीन हाये. मशीन जेवढी चांगली, गाव तेवढं रिकामं." मुख्याध्यापकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आणि हाच माणूस उतरताना त्या शाळेला पुस्तकांच्या दोन पेट्या देऊन आला! आता ह्याला काय म्हणावं? मी विचारलं, तर म्हणाले, "मशीनले तेल नोको का?"

आमच्याकडं मेश्राम म्हटलं की लोकांना पुढचा प्रश्न सुचतोच, "कोणते मेश्राम?" बौद्धांतही मेश्राम, गोंडांतही मेश्राम. माणूस कुठल्या खणात टाकायचा ते ठरल्याशिवाय लोकांना चहा गोड लागत नाही. सर शांतपणे सांगायचे, "ज्याच्या घरी सैपाक झाला असंन, त्याईचे." विचारणारा चक्रावून जायचा. ओळख ह्या विषयावर त्यांनी दोन जाडजूड पुस्तकं लिहिलीत. मी वाचलीत, आणि माझी होती ती ओळखसुद्धा पातळ झाली.

सरांची बायको लवकर वारली. एकुलती मुलगी प्राची, तिला सरांनीच वाढवलं, शिकवलं. ती पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली. यंदा पोळ्याच्या सुमारास तिचा फोन आला, जर्मनीत नोकरी मिळाली. जाण्याआधी मंडईला गावी येते म्हणाली.

मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला दिवाळीनंतरचा गावोगावचा मेळा. बाहेर गेलेली लेकरं, लेकी-जावई त्या दिवशी गावात येतात. ज्याच्या घरी पाहुणा नाही त्याला लोक विचारतात, "काऊन, भांडण झालं का?" सरांचं गाव वैनगंगेपलीकडं, आरमोरीच्या बाजूला. तिथं त्यांचं दोन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर आई गेल्यापासून कुलपात होतं.

फोन आला आणि सरांनी ते कुलूप काढलं. दर रविवारी मला धरून नेऊ लागले. कवेलू फेरून झाले. न्हाणीघर नवं बांधलं. मग टेबल आलं, चाकांची खुर्ची आली. एका रविवारी पाहतो तर ग्रामपंचायतीकडून इंटरनेटची वायर ओढून खिडकीतून आत घेतलेली! तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. कॉम्प्युटरचं काम काय, घरी बसूनही होतं.

"सर, पोरीला ठेवून घ्यायचा बेत आहे तर! सांगितलं का तिला?"

"सांगतो नं. मंडईच्या दिवशी सांगतो."

कोणालाही कधी अडवू नये, असं आयुष्यभर सांगत आलेला हा माणूस! पण खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. माझ्या भिंतीपलीकडं रात्रंदिवस एकटं खोकत बसतो तो.

मंडईच्या दिवशी प्राची आली. रस्सा-भात झाला. मग ती त्या खोलीत गेली, खुर्चीवर बसून एक गिरकी घेतली, आणि म्हणाली, "बाबा, हे कोणासाठी?"

मी सरांना डोळ्यांनी खुणावलं. सरांनी घसा खाकरला.

"ग्रामसेवक भाड्यानं येऊन राह्यला," ते म्हणाले.

ती बापाकडं पाहत राहिली, मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. "बरं झालं," ती म्हणाली, "घरात माणूस असलेला बरा." दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती गेली.

बस दिसेनाशी झाल्यावर माझा संताप अनावर झाला. "अहो, थांब म्हणायला जीभ झडली होती का तुमची? नाही म्हणाली असती, यापेक्षा जास्त काय होणार होतं?"

सर रस्त्याकडंच पाहत होते.

"नाई म्हणाली असती तं चाललं असतं भाऊ. हो म्हणाली असती तं?"

मला काही कळेना. ते त्यांनाही कळलं असावं, कारण आपणच पुढं सांगू लागले.

"मलेही बोलावणं आलं होतं, बाहेरच्या विद्यापीठातून. माय म्हणाली, जाऊ नोको बापा. मी नाई गेलो. ते बरं झालं का वाईट झालं, तेच शोधून राह्यलो आजवरी. पोरीले कायले त्या कामाले लावू?"