खापरचा एकमेव मॉर्मन

धर्माला खरा धोका नेहमी बाहेरून येतो, हे सर्वमान्य आहे. आतून यायचा म्हटला तर आधी आत धर्म सापडावा लागतो, आणि तेवढी सवड कुणाला असते?

१९३७ च्या फेब्रुवारीत खापर गावच्या ख्रिस्ती मंडळीला (सभासद त्रेसष्ट, कौलारू देऊळ एक, घंटा तडकलेली) हा धोका पोस्टाने आला. वरच्या हपिसाचं परिपत्रक होतं. सुपडू मास्तरांनी ते उघडलं. मास्तर शाळेत शिकवत आणि देवळात उपदेश करत. म्हणजे पगार एक आणि न ऐकणारे दोन ठिकाणचे. अमेरिकेत मॉर्मन नावाचा पंथ आहे, त्याची माणसं दोघं-दोघं मिळून दारोदार फिरतात, तरी आपल्या लोकांनी सावध राहावं, असा मजकूर होता. सर्वांत जवळचा मॉर्मन खापरपासून किती कोसांवर, हे लिहिलेलं नव्हतं. मास्तरांचा अंदाज चार-पाच हजारांचा. पण म्हणून काय गाफील राहायचं?

लगोलग तिघांची शोध कमिटी नेमली गेली. अध्यक्ष मास्तर. दुसरे जालमसिंग, मंडळीतले वडीलधारे. तिसऱ्या सिंधुबाई, ज्या बायबल घेऊन पाड्यापाड्यांवर फिरत आणि कुणाच्या घरी काय शिजतं हे पक्कं सांगू शकत.

परिपत्रकातली पहिली कसोटी सिद्धान्ताची होती. हे लोक बायबलाखेरीज आणखी एक ग्रंथ मानतात. देव एके काळी माणूस होता म्हणतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन निरनिराळे देव समजतात. कमिटीने कसोटी आधी स्वतःवर घेऊन पाहिली (हा प्रामाणिकपणा नोंदवण्याजोगा आहे). मास्तरांनी जालमसिंगना विचारलं, "देव एक की तीन?"

"तीन," जालमसिंग म्हणाले. मास्तरांचं तोंड बघून म्हणाले, "एक." मग वैतागले, "तुम्हले जे पाहिजे ते लिखी ल्या ना, मास्तर!"

सिंधुबाईंनी 'तिघांत एक' हे पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हटलं. अर्थ विचारताच त्यांना चुलीवरचं दूध आठवलं. मास्तरांनी तोच प्रश्न मनातल्या मनात स्वतःला विचारला, आणि कसोटी रद्द केली. या कसोटीने मंडळीत कुणीच शिल्लक राहत नव्हतं.

दुसरी कसोटी अनेक बायकांची. ही चाल त्या पंथाच्या मुख्य मंडळाने केव्हाच बंद केली, असं परिपत्रकानेच प्रामाणिकपणे म्हटलं होतं. जालमसिंगना दोन बायका होत्या, दोघी बाप्तिस्म्याआधीच्या, दोघी ठणठणीत. ते खोकले. कसोटी जुनी बाब म्हणून निकाली निघाली.

उरली तिसरी, वागणुकीची. हे लोक दारू, तंबाखू, चहा घेत नाहीत. पिकाचा दहावा हिस्सा देवाला देतात. वर्षाचं धान्य घरात राखतात. बायकापोरांसह प्रार्थना करतात. ही कशी सुटसुटीत! कमिटी घरोघर फिरली. बाजारात फुकट चहा पाजणारी गाडी दोन वर्षांपूर्वी आली, तोवर चहा न पिणारे त्रेसष्ट होते, आता एक. बिडी न ओढणारे, तान्ही पोरं वगळून, एक. दारू सोडण्याची शपथ बाप्तिस्म्याच्या वेळी घेतलेले सगळेच. ती पाळणारे एक.

तिन्हीकडचा एक म्हणजे भिला. गावकुसाला राहणारा, तीन बिघ्यांचा शेतकरी, एके काळी मोहाच्या दारूत बुडालेला. त्याच्या मुलीचं, सुंदरबाईचं, लग्न येत्या बुधवारी धानोऱ्याच्या ख्रिस्ती घरात ठरलेलं. आणि वरपित्याने लिहून कळवलेलं, की मुलीचा बाप पक्का ख्रिस्ती असल्याचा मंडळीचा दाखला आल्याशिवाय वऱ्हाड निघणार नाही.

भिलाला बोलावलं. तो हात जोडून उभा राहिला. "मास्तर, मी काय गुन्हा करेल शे?"

"तू चहा का पीत नाहीस?" कमिटीत बसले की मास्तर पुस्तकी बोलत.

"गाडीवर बाजा वाजाडीसन फुकट देतस. माले वाटनं, दारूनीच बहीण शे."

"दारू का सोडलीस?"

"तुम्हीच सांगेल व्हतं."

"रोज घरी प्रार्थना करतोस म्हणे?"

"तेबी तुम्हीच सांगेल व्हतं, मास्तर."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा वर्षांच्या उपदेशाचं एवढं एकच पीक आलेलं, आणि तेच उपटायची वेळ. पण कमिटी लाजेवर चालत नाही. जालमसिंग म्हणाले, "शपथ समदासनी लिधी, पाळस कोन? हाऊ एकटाच पाळस. म्हंजे हाऊ आपला मानूस नही." मास्तरांनी तर्क वहीत टिपला.

ठराव झाला. रविवारी उपासनेनंतर भिलाने सर्वांसमक्ष एक कप चहा, एक बिडी आणि एक पेला मोहाची घेऊन शुद्ध व्हावं. (मोहाची जालमसिंग घरून आणणार होते. ती घरात कशी, हा विषय कमिटीच्या कक्षेबाहेरचा होता.)

रविवारी देऊळ नाताळात भरलं नव्हतं तेवढं भरलं. सुंदरबाई मागे उभी होती. तिच्याकडे एकदा बघून भिलाने चहा घेतला, जीभ भाजली. बिडी ओढली, खोकून डोळ्यांत पाणी आलं. पेला हातात आला तसा त्याने तो खाली ठेवला.

"मास्तर, ही नको. हिनापायी मन्ही एक पोर गयी. ती तापमा पडेल व्हती आन मी पीसन पडेल व्हतू."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, हे मास्तरांना कळलं. सही मात्र ठरावाखाली आधीच झाली होती. तेवढ्यात जालमसिंग पुढे झाले. येशूने माणसांसाठी दुःखाचा प्याला घेतला तेव्हापासून दुसऱ्यासाठी प्याला पिणं ही ख्रिस्ती धर्मातली फार मोठी गोष्ट आहे. त्यांनी भिलासाठी तो प्याला रिचवला, आणि शंका राहू नये म्हणून आणखी दोन. मंडळीने आमेन म्हटलं.

दाखला गेला. बुधवारी वऱ्हाड आलं, लग्न लागलं. मास्तरांनी वर अहवाल धाडला: खापर मॉर्मनमुक्त, एक संशयित होता, तो चहा-बिडीच्या साहाय्याने खऱ्या विश्वासात परतला. भिला संध्याकाळच्या प्रार्थनेत आता कमिटीच्या तिघांची नावं घेतो, देवाने त्यांना क्षमा करावी म्हणून, हे मास्तरांनी दारावरून जाताना ऐकलं होतं. ते अहवालात घातलं नाही.

परिपत्रक कपाटात ठेवताना त्यांना पाठीमागची ओळ दिसली. 'या लोकांची वागणूक पुष्कळदा चांगली असते, म्हणून वागणुकीवरून त्यांना ओळखू नये. आपल्याही लोकांची तशीच असेल, अशी आमची खात्री आहे.'

वाचणाऱ्यांनी मात्र उगाच घाबरून जाऊ नये. आपण चहा घेत निवांत वाचत असाल. आपल्या श्रद्धेचा आजवर कुणालाही संशय आलेला नाही, आणि पुढे येईल असं काही कारणही दिसत नाही.