नीळ लावलेली पावलं

आमच्या घाटनांदूरला मन्मथअप्पांच्या दुकानात साखर आणायला जायचं तर पाय धुऊन जावं लागतं आणि घरी आल्यावर परत धुवावे लागतात. कारण अप्पा गिऱ्हाइकाच्या तळपायाला कपड्याची नीळ फासतात आणि दारात अंथरलेल्या कागदी पट्टीवरून चालायला लावतात. साखर नंतर.

"अप्पा, पाव किलो शेंगदाण्यासाठी पाय रंगवू का?" बायका करवादतात.

"चाला वो माय. चाल बघितल्याबिगर माणूस कळत न्हाई."

पिंजऱ्यात सापडलेला उंदीरसुद्धा या पट्टीवरून चालला की अप्पा त्याला सोडून देतात. गोण्या कुरतडल्या जातात आणि पुतण्या कपाळ बडवून घेतो.

या खुळाचं मूळ पुण्यात आहे. अप्पांची सगळी नोकरी तिथल्या एका प्रयोगशाळेच्या उंदीरखान्यात झाली. तिथले काही उंदीर जन्मापासूनच डुलत चालायचे. त्यांच्या पायांना शाई लावायची, कागदावरून चालवायचं आणि ठसे मोजायचे, हे अप्पांचं काम. उंदीर का डुलतो असं विचारलं, की स्वारी खुलते.

"मेंदूच्या पेशीला बारके बारके व्हॉल्व असतेत. त्यातून कॅल्शियम आत जातं. व्हॉल्वच्या जीनमधी जरा बिघाड झाला, की मोटार चालू, पाईप भरलेला, पर वाफ्यात पाणी येळंवर न्हाई. मंग उंदीर डुलतंय. त्यात त्येचा काय गुन्हा हाय बे?"

मी इथल्या शाळेचा मुख्याध्यापक. पण उंदरांची बाजू घेताना अप्पा मलाही 'बे' म्हणतात.

यंदा झेंडावंदनाला आमचा शिपाई उत्तम दोरी धरता धरता झोकांड्या खात कोसळला. ही तिसरी खेप. उत्तम सकाळीच पिऊन येतो, असं गावभर झालं. वास मला कधी आला नव्हता, खोटं कशाला बोलू? पण पाहुण्यांसमोर शोभा झाली आणि माझं डोकं फिरलं. त्याला कामावरून काढा, असं संस्थेला पत्र लिहिलं. सही तेवढी राहिली होती, तोवर बातमी गावात फुटली आणि अप्पा कागदाची गुंडाळी घेऊन ऑफिसात हजर.

"मास्तर, पत्र कावून लिवलं?"

उत्तर द्यायच्या आत त्यांनी टेबलावर दोन पट्ट्या पसरल्या. "ही उत्तमची आदल्या दिवसाची. ही झेंड्यानंतरची, मीच धरून दुकानात न्हेलतो त्याला." पहिलीवरची पावलं सरळ होती. दुसरीवरची फाकलेली, भलतीकडंच गेलेली.

"पिणारासुद्धा असाच चालतो, अप्पा."

"आसाच चालतो, म्हणून तर घात होतो! तोंड हुंगलं मी त्याचं. तिन्ही बारीला त्यो धास्तीत होता, वर दोन कप चहा ढोसलेला. माझे काही उंदीर बी भेदरले की लई डुलायचे. लातूरच्या डॉक्टरला दावा. सही मंग करा."

मी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. लातूरला तपासण्या झाल्या आणि अप्पांचा व्हॉल्वच निघाला! उत्तमला गोळी सुरू झाली, चहा बंद झाला. नोकरी राहिली. मी पत्र फाडलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

पेढे घेऊन दुपारी दुकानात गेलो. आत दुसरं कुणी नव्हतं. अप्पा स्वतःच्या पायांना नीळ लावून पट्टीवरून डुलत चालले होते. तोल गेला, त्यांनी भिंत धरली.

"अप्पा! तुम्हालाही?" मी धावलोच.

"न्हाई ओ. दादाची चाल आठवून बघतोय." दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. "त्यो आसाच चालायचा. बेवडा म्हणून मीच घराबाहेर काढलं त्याला. थेंब पेला नव्हता त्यानं, मास्तर. पुण्याला पैला उंदीर डुलताना बघितला, तवा कळलं. तवर दादा गेलता."

पट्टीच्या कडेला पेन्सिलीनं 'दादा' लिहिलं होतं. खाली अप्पांचीच निळी पावलं.

अप्पांनी खाली वाकून ठसे पाहिले आणि मान हलवली.

"रोज बघतो चालून. दोन पावलं जमतेत. तिसरं सरळच पडतंय."