ओंडकेवाडीने लीग कशी निवडली

बाळांनो, कॅनडाच्या बाजूला एक जंगल होतं. जंगल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सिंह येतो. इथे सिंह नव्हता, त्यामुळे राजाही नव्हता. सगळा कारभार समित्या बघायच्या. एखादा निर्णय चुकला तर तो कोणी घेतला, हे त्या जंगलात कधीच कळत नसे.

या जंगलात ओंडकेवाडी नावाचं गाव होतं. गाव बीव्हरांचं. बीव्हर म्हणजे चपट्या शेपटीचा, पुढे आलेल्या दातांचा प्राणी. तो दातांनी झाडं पाडतो आणि ओढ्यावर बांध घालतो. वाहत्या पाण्याचा आवाज कानावर पडला की त्याला चैन पडत नाही. जेवण चालू असो, लग्न असो की मयत, तो उठतो, जिथून पाणी वाहतंय तिथे फांद्या आणि चिखल कोंबतो, आणि मगच पुन्हा ताटावर बसतो.

ओंडकेवाडीचा एक फुटबॉल क्लब होता. तळ्याच्या काठावर हिरवंगार मैदान होतं. मैदानाशेजारी क्लबची कचेरी, आणि कचेरीमागून तळ्याचं जादा पाणी ओढ्यात जायचं.

क्लब ओंडकेवाडीचा खरा, पण खेळायचा मोठ्या नदीपलीकडे, दक्षिणेच्या लीगमध्ये. आपल्या जंगलाला स्वतःची लीगच नव्हती. मग संघ डोंगर ओलांडून, वाळवंट तुडवून दक्षिणेला जायचा, हरायचा आणि परत यायचा. गाव वेशीवर थांबलेलं असायचं.

‘कोणाकडून हरलात?’

‘दलदलीच्या संघाकडून.’

‘वा. मोठा संघ आहे तो.’

आणि गाव समाधानाने घरी जायचं.

या क्लबात गोदा नावाची पाणमांजर होती. ती गोलकीपर होती, पण तिची जागा बाकावर होती. गोलमध्ये उभे असत मगरराव. त्यांना खास दक्षिणेहून आणलं होतं. आता मगरीला थंडी सोसत नाही, हे दुसरीतल्या पोराला ठाऊक असतं. थंडीत तिचं अंग आखडतं. मगरराव जबडा उघडा टाकून दोन खांबांच्या मध्ये नुसते असायचे. चेंडू त्यांच्या डावीकडून जायचा, उजवीकडून जायचा. एकदा चेंडू थेट तोंडात आला आणि त्यांनी तो गिळला. याला गोल म्हणावं की बचाव, हे पंचांना ठरवता येईना. क्लबने त्याला बचाव म्हटलं आणि त्यांचा सत्कार केला.

गोदा अधूनमधून अध्यक्षांना भेटायची. अध्यक्ष होते भाऊसाहेब बीव्हर.

‘भाऊसाहेब, मला कधी खेळवणार?’

‘गोदा, तू तर घरचीच आहेस.’

‘म्हणून तर विचारते.’

‘अगं, म्हणून तर बाकावर आहेस. बाहेरच्यांना बसवलं तर ते रागावतात. घरचे समजून घेतात.’

गोदाने बरीच वर्षं समजून घेतलं. आता तिच्या मिशा पिकायला लागल्या होत्या. उडी मारताना गुडघा कुरकुरायचा. फार तर एखादा हंगाम उरलाय, हे तिला इतरांनी सांगायची गरज नव्हती. एकदा तरी गोलमध्ये उभं राहायचं, आपल्या लोकांसमोर, शिट्टी वाजल्यापासून शिट्टी वाजेपर्यंत. एवढंच तिला हवं होतं.

एका हिवाळ्याच्या शेवटी गावात तात्या साळिंदर आले. पाइनच्या रानातले हे साळिंदर तोंडाचे फटकळ होते. आणि अंगावरच्या काट्यांमुळे त्यांना मिठी मारून कोणी विषय बदलू शकत नसे.

‘आपण आपल्या जंगलाची लीग काढतोय,’ तात्या चौकात उभं राहून म्हणाले. ‘उत्तर अरण्य लीग. आपली गावं, आपली मैदानं. प्रत्येक संघात निम्म्याहून जास्त खेळाडू आपल्याच जंगलातले हवेत. ओंडकेवाडीने यावं. तळ्यावरचा बर्फ फुटेपर्यंत कळवा.’

गोदा गर्दीत मागे उभी होती. तिची शेपूट आपोआप हलायला लागली. तिने ती पायाखाली दाबून धरली.

समितीची सभा भरली. भाऊसाहेब मधोमध बसले. बाजूला बाकीचे बीव्हर. समोर सल्लागार म्हणून वत्सलाताई रानहंस. ताई थंडी पडली की दक्षिणेला उडून जायच्या आणि बर्फ वितळायला लागला की परतायच्या. त्यामुळे गावात त्यांना तज्ज्ञ मानत.

‘नवी लीग काढताय, काढा,’ ताई मान उंच करून म्हणाल्या. ‘पण दर्जाचं काय? आमच्या तिकडे गवतसुद्धा एका उंचीचं असतं.’

‘ताई, तिकडचं गवत तुम्ही खायला जाता,’ गोदा दारातून म्हणाली.

‘खेळाडूंनी सभेत बोलायचं नसतं,’ भाऊसाहेब म्हणाले. ‘ताई, पुढे बोला.’

‘पुढे काय बोलणार? या लीगमध्ये चांगले क्लब आहेत तरी कुठे?’

‘चांगले क्लब आले तर लीग चांगली होईल ना?’ गोदा पुन्हा दारातून म्हणाली.

‘ते आधी येऊ देत,’ भाऊसाहेब म्हणाले. ‘ते आले की आपण जाऊ. उगाच पुढे घुसणं बरं दिसत नाही.’

बाळांनो, त्याच दिवशी शेजारच्या सशांच्या गावातही सभा चालू होती. तिथलेही अध्यक्ष म्हणत होते की ओंडकेवाडी आधी जाऊ दे, आपण मागून जाऊ. त्या जंगलात सगळे इतके सभ्य होते की एका दाराशी दोघे आले तर दोघेही उपाशी मरायचे.

‘मग मतदान घेऊ या का?’ एका बीव्हराने विचारलं.

भाऊसाहेब तोंड उघडणार तोच कचेरीमागून आवाज आला. झुळझुळ.

बर्फ वितळायला लागला होता. तळ्यातलं पाणी ओढ्याकडे निघालं होतं. समितीतल्या प्रत्येकाचे कान टवकारले. बीव्हरांचा एक जुना रिवाज आहे, वाहतं पाणी कानावर असताना ठराव करायचा नाही. मन थाऱ्यावर नसतं म्हणे.

‘सभा तहकूब,’ भाऊसाहेब म्हणाले. सगळी समिती मागच्या दाराने धावली आणि ओढ्याच्या तोंडाशी फांद्या कोंबायला लागली.

दुसऱ्या सभेला मुद्दा जरा पुढे सरकला, आणि पुन्हा झुळझुळ. तहकूब. तिसऱ्या सभेला ताई ‘दर्जा’ हा शब्द उच्चारत होत्या, तेवढ्यात खळखळ. तहकूब. बर्फ जितका वितळे तितकं पाणी वाढे, पाणी वाढे तितका बांध उंच होई. गाव मोठ्या कौतुकाने बघत होतं. निर्णय होत नव्हता, पण समिती कामाला लागलेली दिसत होती, आणि बहुतेकांना तेवढं पुरतं.

गोदा पाण्यातली. तिला तळ्याच्या काठावरचा प्रत्येक दगड माहीत होता. तिने भाऊसाहेबांना बांधावर गाठलं.

‘भाऊसाहेब, पाणी अडवलंत तर ते कुठे जाईल?’

‘कुठे जाणार? अडलंय ना.’

‘तळं फुगतंय. मैदान काठावर आहे.’

‘हा विषय आजच्या सभेपुढे नाही,’ भाऊसाहेब दातात फांदी धरून म्हणाले. ‘लेखी दे.’

इकडे तळ्यावरच्या बर्फाला तडे जायला लागले होते. बर्फ फुटला की मुदत संपणार. मुदत संपली की पुन्हा बाक, आणि पुढच्या वर्षी गुडघा.

मग तिला एक युक्ती सुचली. सभा अशा जागी घ्यायची की पाण्याचा आवाजच येणार नाही.

‘टेकडीवर चला,’ ती समितीला म्हणाली. ‘वर कोरडं ठणठणीत आहे. उपाध्यक्षांची गुहाही तिथेच आहे.’

क्लबचे उपाध्यक्ष होते रावजी अस्वल. ते हिवाळाभर झोपून असत. त्यांचं घोरणं होकार म्हणून मोजायची पद्धत होती.

कल्पना सगळ्यांना पटली. समिती धापा टाकत टेकडीवर चढली. वर खरोखर शांतता होती. पाण्याचा थेंब नाही, आवाज नाही. गुहेतून तेवढं संथ घोरणं येत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच समितीचं मन थाऱ्यावर होतं. गोदा एका खडकामागे श्वास रोखून बसली.

‘उत्तर अरण्य लीगमध्ये जायचं का?’ भाऊसाहेबांनी विचारलं.

कोणाची शेपटी उठली नाही.

‘दक्षिणेतच राहायचं का?’

सगळ्यांच्या शेपट्या एकदम जमिनीवर आपटल्या. गुहेतून रावजी घोरले. ठराव एकमताने मंजूर झाला.

‘किती सोपं होतं हे,’ एक बीव्हर म्हणाला. ‘पाण्याने उगीच उशीर केला.’

‘गोदाचे आभार मानायला हवेत,’ दुसरा म्हणाला. ‘जागा तिने सुचवली.’

त्यांनी आभार मानले. टाळ्याही वाजवल्या. गोदा खडकामागून उठली आणि सगळ्यांच्या मागून उतरायला लागली.

अर्ध्या वाटेवर पुढचे बीव्हर थबकले. मागचे त्यांच्यावर आदळले. खाली मैदान दिसत नव्हतं. जिथे मैदान होतं तिथे तळं होतं. गोलचे खांब तेवढे पाण्याच्या वर टोकं काढून उभे होते. ऊन चांगलं तापलं होतं, आणि खांबांच्या मध्ये मगरराव इकडून तिकडे सुळसुळ पोहत होते. ओंडकेवाडीत आल्यापासून इतके चपळ ते कोणाला दिसले नव्हते.

कचेरीच्या पायरीवर एक पाहुणा बसला होता. डोळ्यांभोवती काळे पट्टे असलेला रॅकून. दक्षिणेच्या लीगचा निरीक्षक. हंगामाआधी तो प्रत्येक क्लबाचं मैदान बघून जायचा.

‘या, या,’ भाऊसाहेब धावत पुढे गेले. ‘आत्ताच ठराव करून आलोय. आम्ही तुमच्यातच राहणार. एकमताने.’

‘आनंद झाला,’ रॅकून म्हणाला. ‘मैदान कुठे आहे?’

‘हे काय, इथेच.’

‘कुठे इथेच?’

‘जरा खाली आहे,’ भाऊसाहेब म्हणाले.

रॅकूनने पाण्यात पंजा बुडवून पाहिला. मग तो नीट पुसला.

‘मैदानाशिवाय क्लब ठेवता येत नाही. पण वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यावर आमचं फार प्रेम होतं. तुमचं नाव काय म्हणालात?’

‘ओंडकेवाडी,’ भाऊसाहेबांचा आवाज बारीक झाला. ‘एवढी वर्षं खेळतोय आम्ही तुमच्यात.’

‘हो का?’ रॅकून म्हणाला. ‘आमच्याकडे तुम्हाला नुसतं वरचे म्हणतात.’

तो निघाला. मगरराव पाण्यातून बाहेर आले आणि त्याच्या मागोमाग गेले. दक्षिणेहून आणलेले बाकीचे खेळाडूही गेले. जाताना एकानेही मागे वळून पाहिलं नाही. भाऊसाहेब बांधावर जाऊन बसले. शेजारी गोदा येऊन बसली.

‘आता काय करायचं?’ त्यांनी विचारलं.

‘तात्या साळिंदरांकडे जा.’

‘आम्ही कसे जाणार? बर्फ फुटला. मुदत संपली. शिवाय ठराव झालाय.’

‘मी जाते.’

भाऊसाहेबांनी शेपटीवरचा चिखल झटकला. ‘खेळाडूंनी सभेत बोलायचं नसतं,’ ते म्हणाले, ‘पण माफी मागायला हरकत नाही.’

गोदा रान तुडवत पाइनच्या झाडांत गेली. तात्यांनी तिला पाहून काटे फुलवले.

‘बर्फ कधीच फुटला,’ ते म्हणाले.

‘माहीत आहे.’

‘तुमच्या गावाला मैदान नाही म्हणे.’

‘तेही माहीत आहे. सशांच्या मैदानावर खेळू, वाटेत त्यांना विचारून आलेय. त्यांचा क्लब आम्ही येण्याची वाट बघतोय. आम्ही आलो की तेही येतील.’

‘आणि खेळाडू? निम्म्याहून जास्त आपल्या जंगलातले हवेत.’

‘सगळेच आपले उरलेत, तात्या. बाकीचे पळाले.’

तात्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ‘गोलमध्ये कोण आहे?’

‘मी.’

‘खेळलीयस कधी?’

‘नाही. पण मगररावांना चुकवून आत गेलेला एकूण एक चेंडू मी बाकावरून पाहिलाय. कुठून येतो ते मला माहीत आहे.’

तात्या हसले. साळिंदर फार क्वचित हसतं, कारण हसताना काटे त्यालाच टोचतात. ‘या,’ ते म्हणाले.

ओंडकेवाडी आली म्हणून ससे आले. ससे आले म्हणून आणखी गावं आली. उत्तर अरण्य लीग सुरू झाली.

पहिला सामना सशांच्या मैदानावर सशांशीच होता. अख्खी ओंडकेवाडी लोटली होती. सामन्याआधी भाऊसाहेबांनी भाषण केलं. ते म्हणाले की आपल्या जंगलाची लीग हे त्यांचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं. दक्षिणेचा मोह कायमचा सुटावा म्हणून समितीने दूरदृष्टीने मैदान पाण्याखाली घातलं. एवढा मोठा त्याग दुसऱ्या कुठल्याही समितीने केला नसेल. रावजी अस्वल उन्हाळा लागल्यामुळे नुकतेच उठले होते. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग शिट्टी झाली.

ससे वाऱ्यासारखे आले. त्यांचा पहिला फटका डावीकडून आला. गोदा जमिनीला समांतर गेली आणि चेंडू घेऊन उठली. गुडघा कुरकुरला. तिने त्याला गप्प बसायला सांगितलं. दुसरा फटका वरून आला, तो तिने शेपटीने उडवला. उत्तरार्धात पंचांनी सशांना पेनल्टी दिली. सशाने चेंडू ठेवला, कान मागे टाकले आणि उजव्या कोपऱ्यात मारला. गोदा तिथे आधीच पोचली होती.

सामना बरोबरीत सुटला. ओंडकेवाडीला हरण्याची इतकी सवय होती की लोकांना वाटलं आपण जिंकलो. ते नाचायला लागले. सशांनीही सभ्यपणे नाचून घेतलं.

गर्दीतून वाट काढत वत्सलाताई रानहंस पुढे आल्या. चिखलाने माखलेल्या गोदाला त्यांनी ओळखलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

‘काय हा दर्जा,’ त्या भाऊसाहेबांना म्हणाल्या. ‘अशी गोलकीपर आपल्याकडे कुठली असायला? खरं सांगा, कुठून आणलीत? दक्षिणेहून ना?’

भाऊसाहेब खाकरले आणि आकाशाकडे बघायला लागले.

‘त्याहून लांबून,’ गोदा म्हणाली. ‘बाकावरून.’

तात्पर्य : आपल्या घरच्या खेळात उतरावं की नाही, असा प्रश्न पडला तर घाईने विचार करू नये. सभा घ्यावी, तहकूब करावी आणि पाणी अडवत राहावं. कारण समितीने नीट विचार केला तर ती हमखास चूक करते. जंगलाचं भलं व्हायचं असेल तर आधी समितीचं मैदान बुडावं लागतं.