सुपरहिरोंचे पूल तपासणारे मोकाशीकाका

पडद्यावर सुपरहिरो कोसळणारं विमान दोन्ही हातांनी झेलतो. संगीत टिपेला पोचतं, पुढच्या रांगेतला माणूस पॉपकॉर्न चघळायचा थांबतो, आणि माझ्या उजव्या बाजूने खणखणीत मराठीत प्रश्न येतो, "लोड कुठे जातो?"

हे मोकाशीकाका. प्रश्न मला असतो, पण उत्तर तेच देतात. "हातातून खांद्यात, खांद्यातून कंबरेत, कंबरेतून टाचेत. आणि टाचेखाली काय आहे? साधं डांबर. म्हणजे हा गुडघ्यापर्यंत रस्त्यात रुतला पाहिजे. रुतला का? नीट बघून सांग."

मी नीट बघतो. रुतलेला नसतो. मागून कोणीतरी 'श्श' करतं, मी मागे वळून 'सॉरी' म्हणतो. अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिल गावच्या त्या थिएटरात मी जितक्या वेळा सॉरी म्हटलंय, तितक्या वेळा ऑफिसात अख्खा सर्व्हर बंद पाडल्यावरही म्हटलेलं नाही.

काका एकतीस वर्षं हायवेचे पूल तपासत होते. हेल्मेट घालून पुलाखाली शिरायचं, काँक्रीटवर हातोडी मारून आवाज ऐकायचा, आणि शून्य ते नऊमध्ये मार्क द्यायचे. शून्य म्हणजे पूल बंद करा, नऊ म्हणजे कोरा करकरीत. काकांनी उभ्या नोकरीत कुणाला नऊ दिले नाहीत. "नऊ फक्त रिबन कापायच्या आदल्या दिवशी असतात," ते म्हणतात. "दुसऱ्या दिवशी पहिला ट्रक जातो."

रिटायर झाल्यावर माणसं बागकाम करतात, भजनी मंडळात जातात. काका सुपरहिरोंचे पिक्चर तपासायला लागले. नवा पिक्चर आला की पहिल्या रविवारी अकराचा शो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी हायवेवर गाडी चालवणं सोडलं, तेव्हापासून ड्रायव्हर मी.

"तू नाही म्हणायला कधी शिकणार आहेस?" वैशाली, म्हणजे माझी बायको, विचारते. "एवढी डिग्री घेतलीस, त्यात हे नव्हतं का?"

नव्हतं. मी मेहकरजवळच्या गावातला. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला, विमानात बसलेलाही पहिला. इथे आलो तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती आणि ते कुणाला सांगायची लाज वाटत होती. शेजारच्या मोकाशीकाकांनी ते न सांगता ओळखलं. सहा रविवार त्यांनी मला रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये स्वतःच्या गाडीवर शिकवलं. गाडीचं बंपर मी दिव्याच्या खांबाला लावलं, तेव्हा ते खाली उतरले, खांबावर बोटांनी टकटक केली आणि म्हणाले, "खांब ठीक आहे. चल, रिव्हर्स घे." अशा माणसाला रविवारी नाही म्हणायचं कसं? पण हो म्हणून त्रास होत नाही असं मात्र नाही.

त्रास असा, की मला पिक्चर मनापासून बघायचा असतो. हिरो मेला की मी रडतो. गेल्या वर्षी एक अग्निवाला हिरो आपल्या टोळीसाठी जळून गेला. मी डोळे पुसतोय तोवर काका म्हणाले, "रडू नकोस. याचा करार तीन पिक्चरांचा आहे." तो पुढच्या पिक्चरात परत आला. दुसऱ्या विश्वातला तोच, फक्त दाढीवाला. काका माझ्याकडे वळले. "आता सांग, रडायचं कुणासाठी? एक मेला तर गोदामातून दुसरा आणतात."

आणखी एक त्रास असा, की ते बहुतेक वेळा बरोबर असतात. आकाशाला भोक पडून त्यातून निळा झोत येतो तो शेवट त्यांना सहन होत नाही. "याच्या आधीच्या चार पिक्चरांत हेच भोक होतं. कुणी बुजवत कसं नाही?" बारा हिरो एका ओळीत उभे राहिले की त्यांना मंगल कार्यालयातला ग्रुप फोटो आठवतो. "आता मामाकडचे या, असं म्हणायचं राहिलंय." जगाचा नाश करायला निघालेल्या खलनायकाबद्दल तर त्यांना दयाच येते. "नाश झाल्यावर हा स्वतः राहणार कुठे? काही सोय केलीय का?"

चांगला पिक्चर कुठला, तर ज्यातल्या खलनायकाचं म्हणणं पहिल्या अर्ध्या तासात आपल्याला पटतं तो. "नंतर त्याने बस उलटवली तरी चालेल, पण आधी पटलं पाहिजे." आणि ज्यात हिरोला कष्ट पडतात तो. एका छोट्या पिक्चरात नायिका शेवटची वीस मिनिटं फक्त एक अडकलेली लिफ्ट धरून ठेवते. उडत नाही, काही नाही. लिफ्टमधली माणसं एकेक करून बाहेर येतात आणि तिचे हात थरथरत असतात. त्या वीस मिनिटांत काका एक अक्षर बोलले नाहीत. घरी येताना गाडीत म्हणाले, "सात." मी गाडी थांबवून त्यांच्याकडे बघितलं.

मार्क नुसते तोंडी नसतात. घरी जाऊन ते रीतसर रिपोर्ट टाइप करतात, पुलाच्या तीन भागांप्रमाणे. डेक, म्हणजे वरून गाड्या जातात तो भाग: पडद्यावर जे दिसतं ते. सुपरस्ट्रक्चर, म्हणजे डेक पेलणारे आडवे गर्डर: गोष्ट. आणि सबस्ट्रक्चर, म्हणजे खालचे खांब आणि पाया: या माणसाला हे सगळं का करायचं आहे. सबस्ट्रक्चरमध्ये बहुतेक हिरो नापास होतात. "सगळे अनाथ," काका म्हणतात. "आई-बाप आधीच मारून टाकतात. कारण बाप जिवंत असता तर त्याने एकदा तरी विचारलं असतं, कुठे निघालास."

रिपोर्ट मला येतो. एकदा त्यांचं ईमेल बिघडलं म्हणून मी दुरुस्त करायला गेलो, तेव्हा कळलं की तो सहा वर्षांपासून आणखी एका पत्त्यावर जातो. अमेयच्या.

अमेय त्यांचा मुलगा. इथेच जन्मला, इथेच वाढला. काकांच्या इच्छेप्रमाणे सिव्हिल इंजिनियरिंगला गेला, तिसऱ्या वर्षी सोडलं, आणि लॉस एंजेलिसला जाऊन कॉम्प्युटरवर सिनेमातली दृश्यं करायला लागला. त्याची खासियत पडझड. इमारती, धरणं, पूल. तो सांगायला आला तेव्हा काका एकच वाक्य बोलले होते: "मी जन्मभर पूल उभे ठेवले, तू पाडणार." काकू होत्या तोवर बापलेकांचा फोन त्यांच्यामार्फत चालायचा. काकू गेल्यावर दिवाळी आणि वाढदिवस उरले. तेही मेसेजवर.

म्हणजे शेवटची नामावली संपेपर्यंत काका खुर्चीतून हलत नाहीत ते का, हे मला इतक्या वर्षांनी समजलं. मला वाटायचं, सगळं थिएटर थांबतं तसे तेही नावांनंतरच्या त्या शेपटाच्या प्रसंगासाठी थांबतात. प्रत्यक्षात शेपटाच्या वेळी त्यांचे डोळे मिटलेले असतात. नावं जाताना मात्र ते चष्मा वर-खाली करत पुढे झुकलेले असतात.

"काका, तो उत्तर देतो का?" मी विचारलं.

"बिझी असतो."

"सहा वर्षं?"

"पूल पाडायला वेळ लागतो."

मी जरा धीर केला. "मग एकदा नुसतं लिहा ना, की छान झालाय पिक्चर. त्याला बरं वाटेल."

"झालेला नसताना?" काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू गंजलेल्या पुलावरून शाळेची बस सोडायला सांगतोय. "रिपोर्टात खोटं लिहीत नाहीत रे प्रमोद."

मुलगा परत बोलायला हवा आहे, हे त्यांच्या घरच्या भिंतींनाही माहीत होतं. आणि हा गृहस्थ त्याला दर दोन महिन्यांनी चार मार्कांचा रिपोर्ट पाठवत होता.

दोन वर्षांपूर्वी तर कहर झाला. एका पिक्चरात राक्षस लोखंडी पुलावर पाय देतो आणि पूल मोडतो. काकांनी लिहिलं: 'पूल बिस्किटासारखा तुटला. गर्डर खांबांवर टेकतात ती बेअरिंग कुठेच दिसली नाहीत. करणाऱ्याने पूल कधी खालून पाहिलेला नाही.' पाठवल्यावर नामावलीत अमेयचं नाव कुठल्या कामाखाली होतं ते त्यांच्या ध्यानात आलं. तो पूल अमेयनेच पाडला होता.

त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले. चहा घेतला नाही. "शेवटचं वाक्य चुकलं," म्हणाले. "त्याने पाहिलाय खालून. आठ वर्षांचा असताना मीच न्यायचो, शनिवारी. त्याच्या मापाचं हेल्मेट मिळालं नव्हतं, आत टॉवेल घडी करून घालायचो."

"मग सॉरी लिहा."

सॉरी त्यांनी लिहिलं नाही. आठवडाभर बसून त्यांनी पेन्सिलने अकरा चित्रं काढली: तो पूल खरा पडला असता तर कसा पडला असता. आधी रस्त्यातला सांधा उघडतो, मग एक बेअरिंग सरकतं, मग एक गर्डर वळतो, शेजारच्याला घेऊन जातो. प्रत्येक चित्राखाली सेकंद. ती स्कॅन करण्यात माझा अख्खा शनिवार गेला, कारण एक रेघ फिकट आली तरी ते पुन्हा करायला लावत. 'पुरवणी' एवढाच विषय लिहून त्यांनी ती पाठवली. उत्तर आलं नाही. मी वैतागलो होतो, पण कुणावर ते कळत नव्हतं.

गेल्या महिन्यात नवा पिक्चर आला. वाईट होता. आकाशाला भोक होतं, अनाथ हिरो होता, मंगल कार्यालय होतं. काका नेहमीप्रमाणे बोलत होते, मी नेहमीप्रमाणे सॉरी म्हणत होतो. मग पाऊण तास उरला असताना नदीवरच्या एका पुलावर काहीतरी आदळलं.

रस्त्यातला सांधा उघडला. अगदी थोडा, हाताच्या बोटाएवढा. एक गाडी त्यावरून धडकन गेली. मग कॅमेरा खाली गेला, पुलाच्या खाली, आणि खांबावरचं एक बेअरिंग हळूच सरकताना दिसलं. मी ती चित्रं इतक्यांदा स्कॅन केली होती, की पुढचा गर्डर कुठल्या बाजूला वळणार ते मला माहीत होतं. तसाच वळला.

मी उजवीकडे बघितलं. काकांची टिपणांची वही मांडीवर बंद होती आणि पेन खाली पडलेलं होतं. ते मी उचलून दिलं, तर त्यांनी घेतलं नाही.

नावं आली. संपली. शेपूट आलं, गेलं. झाडूवाला आला तेव्हा आम्ही उठलो. गाडीत बसल्यावर काकांनी फोन काढला, नंबर लावला, आणि ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर चालू करून डॅशबोर्डवर ठेवला.

"हॅलो? बाबा? इज एव्हरीथिंग ओके?"

"सांधा आधी उघडला, ते बरोबर केलंस," काका म्हणाले. "पण तिसरा गर्डर घाई करतो."

अमेय म्हणाला, "आय नो. आय टोल्ड देम. द डायरेक्टर वॉन्टेड इट फास्टर."

"त्याला सांगायचं, की स्टील असं घाई करत नाही."

"यू टेल हिम, बाबा." तो हसत होता बहुतेक. मग एकदम मराठीत, अडखळत म्हणाला, "तुमची चित्रं... ती भिंतीवर आहेत. ऑफिसच्या. सगळे बघतात."

मी गाडीतून उतरलो. वैशालीने कोथिंबीर आणायला सांगितली होती, ती घ्यायला गेलो आणि घेऊन आलो, तरी ते बोलतच होते. मी लांब, एका झाडाच्या सावलीत थांबलो. काचेतून काका दिसत होते. त्यांनी दोन्ही तळहात आडवे, एकापुढे एक धरले होते. मग पुढचा हात हळूहळू तिरका करत खाली आणला, मागचा त्याच्यामागे. फोनवरच्या माणसाला हे दिसत नाही, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. हात खाली पोचले की ते पुन्हा वर न्यायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, पाडून दाखवायचे.